गेझिनाची बोटं

एमडेनच्या बंदरावर नव्याकोऱ्या गाड्या जहाजात चढवण्याआधी एका लांबलचक शेडमध्ये शेवटच्या तपासणीला येतात. त्या शेडमध्ये गेझिना बावीस वर्षं कामाला होती. रंग हा तिचा प्रांत. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, बॉनेटवरून बोटं एकदाच फिरवायची आणि सांगून मोकळं व्हायचं. "ही रुळांजवळ उभी होती, लोखंडाचा कीस बसलाय. ही झाडाखाली होती. आणि हिला काही झालेलं नाही, उगाच घासत बसू नका." डोळ्यांना जे दिसायचं नाही ते तिच्या बोटांना कळायचं. तिचा शब्द मुकादम टामोसुद्धा खाली पडू द्यायचा नाही, आणि टामो तसा कोणाचंच ऐकणारा नव्हता.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी तिच्या उजव्या हाताची तर्जनी मेणासारखी पांढरी पडली. थंडी असेल म्हणून तिनं ती काखेत धरली. मग मधलं बोट, मग डावा हात. बोटं आधी पांढरी व्हायची, मग निळी, मग त्यांची आग आग व्हायची, आणि आग ओसरली की दर वेळी थोडा थोडा स्पर्श कमी होऊन परत यायचा. कारण तिला ठाऊक होतं. पॉलिशचं मशीन बावीस वर्षं तिच्या दोन्ही हातांत थरथरत होतं.

तिनं कोणाला सांगितलं नाही. घरी हिन्रिखलाही नाही. तिचा नवरा हिन्रिख बंदरातला गाळ काढणाऱ्या बोटीवरून निवृत्त झालेला, खुब्याच्या दुखण्यानं बरेचदा खिडकीपाशीच बसलेला असायचा. दुपारच्या चहाला तिच्या हातून साखरेचा खडा कपाऐवजी टेबलावर पडला की तो म्हणायचा, "लक्ष कुठंय तुझं?" आणि ती म्हणायची, "दमलेय." ब्लाउजची बटणं ती आरशात बघून लावायची. एकदा किटलीला हात तसाच टेकून राहिला, आणि कातडी भाजल्याचं तिला वासावरून कळलं.

कामावर तिनं नाना तऱ्हा शोधून काढल्या होत्या. बोटांना कळेना तेव्हा मनगटाची आतली बाजू लावायची. तेही भरवशाचं राहिलं नाही तेव्हा वाकून गाल टेकायचा. टामोनं एकदा बघितलं तर तिथूनच ओरडला, "काय गं, मुके घेतेस काय गाडीचे? हिन्रिखला सांगू का?" सगळे हसले. तीही हसली. मग ती कानांच्या भरवशावर काम करायला लागली. रंगावर काही चिकटलेलं असेल तर घासताना बारीक खरखर येते आणि रंग स्वच्छ झाला की आवाज थांबतो. त्यासाठी तिनं शेडमधला रेडिओ बंद करायला लावला. लोक कुरकुरले, पण गेझिनाचं म्हणणं म्हणून गप्प बसले.

ऑक्टोबरमध्ये पलीकडच्या धक्क्यावर एका जहाजाच्या कुशीला फवाऱ्यानं रंग मारत होते. वारा फिरला आणि तो रंग उघड्यावर उभ्या असलेल्या दोनशे साठ गाड्यांवर येऊन बसला. गडद निळ्या गाड्या, आणि त्यांवर पिठासारखे राखाडी ठिपके. जहाज आठ दिवसांत सुटणार होतं. असल्या ठिपक्यांवर मशीन चालत नाही. क्ले लागतो. मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते ती. पत्र्यावर साबणाचं पाणी फवारायचं, वडी हलक्या हातानं सरळ रेषेत मागंपुढं फिरवायची, मळली की घडी घालून आतली स्वच्छ बाजू काढायची. जोर लावायचा नाही. आणि एक नियम सगळ्यांना पाठ होता, कारण गेझिनानंच तो प्रत्येकाला शिकवला होता: वडी जमिनीवर पडली की कचऱ्यात. वाळूचा एक कण जरी तिच्यात राहिला तरी रंगावर चरे पडतात.

टामोनं जोड्या लावल्या. एका गाडीला दोघं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि काचेवर कोणती बाजू कोणाची ते लिहिलेला दोन नावांचा कागद. गेझिनाच्या जोडीला हालिना आली. हालिना पोलंडची, तिशीतली, चार महिन्यांपूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली. कामाला चटपटीत, बोलायला कमी.

तिसऱ्या दिवशी पावसानं झोडपायला सुरुवात केली. गेझिना उजव्या बाजूला होती आणि तिकडून दाराची गार हवा सरळ अंगावर येत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची आठ बोटं पांढरी पडली.

"हालिना, बाजू बदलूया का? मला इकडे वारा लागतोय."

"बदलूया की," हालिना म्हणाली. कागदावरची नावं मात्र तशीच राहिली.

दुपारी पत्र्याच्या छपरावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, मग क्लेची खरखर कुठली ऐकू यायला! गेझिना अंदाजानं हात फिरवत राहिली. केव्हातरी तिचं लक्ष गेलं तर हाताखाली वडीच नव्हती. नुसता तळवा ओल्या बॉनेटवर मागंपुढं चालला होता. वडी खाली पडलेली, तिच्याच बुटाशी.

कोठारातून नवी वडी आणायची तर टामोकडे मागायला हवी होती. त्या दिवशी ती दोनदा मागून झाली होती. दुसऱ्या वेळी टामो म्हणाला होता, "खातेस काय गं?" आणि तिच्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला होता. तिसऱ्यांदा गेले तर त्याला कळणार, हे एकच तिच्या डोक्यात होतं. तिनं वडी उचलली, पाण्यात बुडवली, डोळ्यांजवळ धरून बघितली, घडी घातली. चांगली वाटली. पूर्वी अंगठ्यानं एकदा दाबलं असतं तरी कण टोचला असता. त्या वडीनं तिनं संध्याकाळपर्यंत काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या दिव्याखाली सात गाड्यांच्या बॉनेटवर चरे दिसले. सगळे डाव्या अर्ध्या भागावर, फणी फिरवल्यासारखे सरळ.

टामोनं कागद बघितले. "हालिना, इकडे ये. हे काय आहे?"

"हे माझं नाही. जेवणानंतर आम्ही बाजू बदलल्या होत्या. हिला विचारा."

टामो गेझिनाकडे वळला. "बदलल्या होत्या?"

हालिना तिच्याकडे बघत होती. घाबरून नव्हे, अगदी सहज, जणू आता गेझिना हो म्हणेल आणि विषय संपेल.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

टामोनं पुढं विचारलंच नाही. बावीस वर्षं आणि चार महिने यांत त्याला निवड करायची गरज वाटली नाही. अर्ध्या तासात हालिनाची नोकरी गेली आणि ती जाकीट घालून दाराबाहेर पडली. जाताना तिनं आपली फवाऱ्याची बाटली धुऊन जागेवर ठेवली.

गेझिना दिवसभर एकटीनं काम करत राहिली. कोणी कोणी येऊन म्हणालं, "तुझ्या वाट्याला असलं माणूस यावं म्हणजे!" ती मान हलवत राहिली. घरी गेल्यावर तिनं ताट तसंच बाजूला सारलं. हिन्रिखनं विचारलं, "ताप आहे का?" तिनं कोट पुन्हा अंगात चढवला आणि सायकल काढली.

हालिना स्टेशनमागं दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मागं चुलीवर काहीतरी उकळत होतं.

"हालिना, माझी बोटं..."

"माहितीये मला," हालिना म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून माहितीये. तू माझा चहा घेऊन आलीस, कप चटका बसेल इतका तापला होता आणि तू तो कान न धरता तसाच हातात घेऊन उभी होतीस. माझ्या काकाची बोटं अशीच गेली, खाणीत."

"मग तू टामोला का नाही बोललीस?"

"आधी? आधी तुझी कीव यायची म्हणून. आज बोलले असते तर काय म्हणाला असता तो? स्वतःला वाचवायला म्हातारीच्या हातांवर ढकलतेय म्हणाला असता."

"मी चुकले गं. मला माफ..."

"मला नको ते. इथं येऊन माझ्यासमोर रडू नकोस, गेझिना. ज्याला सांगायचंय त्याला सांग." आणि तिनं दार लावलं, न आपटता.

गुरुवारी दहाच्या चहाला सगळे जमले होते तेव्हा गेझिना उभी राहिली आणि म्हणाली, "ते चरे माझे आहेत. बाजू बदलल्या होत्या. वडी खाली पडली होती, तीच मी उचलून वापरली."

टामो हसला. "बस खाली. त्या पोरीची दया येतेय तुला, कळतंय मला. पण तू पडलेली वडी वापरशील? तू?"

"मला बोटांना कळत नाही, टामो. दोन वर्षं झाली."

"काहीतरीच काय."

"बघ मग." तिनं डोळे मिटले आणि उजवा हात पुढं केला. "चिमटीत काहीही दे. मी सांगते काय आहे ते."

कोणीतरी खुदकन हसलं. टामोनं तिच्या चिमटीत एक स्क्रू दिला. ती म्हणाली, "किल्ली." त्यानं साखरेचा खडा दिला. ती बराच वेळ चाचपत राहिली. "बटण?" आता कोणी हसेना. गेझिना डोळे मिटून, हात पुढं करून उभी राहिली.

"दे ना," ती म्हणाली. "किती वेळ लावतोस?"

तिनं डोळे उघडले. टामोची गाडीची किल्ली तिच्या चिमटीत होती.

टामोनं ती हळूच काढून घेतली. "बाई गं," एवढंच म्हणाला, आणि बाहेर जाऊन हालिनाला फोन लावला.

हालिना शुक्रवारी कामावर परत आली. जहाज ठरल्या दिवशी सुटलं, सात गाड्या मागं राहिल्या, आणि त्यांचे चरे काढायचं काम तिनंच केलं. गेझिनाला त्याच शुक्रवारी डॉक्टरकडे धाडलं होतं. डॉक्टरनं तिचे हात गार पाण्यात बुडवून ठेवले, घड्याळ लावून बघितलं, आणि सरळच सांगितलं की गेलेला स्पर्श परत येणार नाही, मशीनला पुन्हा हात लावायचा नाही.

नोव्हेंबरमध्ये कामगार विम्याचा फॉर्म आला. गेझिनाच्या हातात पेन ठरत नव्हतं, म्हणून हिन्रिख लिहायला बसला. नाव, पत्ता, कुठल्या वर्षापासून मशीन चालवलं, सगळं त्यानं आपल्या गोल अक्षरात भरलं. पुढचा प्रश्न त्यानं मोठ्यानं वाचला. "त्रास सुरू झाल्यावर सर्वप्रथम कोणाला सांगितलं आणि कधी?"

गेझिनानं फॉर्मवरच्या रिकाम्या रेघेकडे बघितलं.

"काय लिहू?"

"टामो. गेल्या महिन्यात, गुरुवारी."

"त्याच्या आधी?"

"कोणालाच नाही."

हिन्रिखनं पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं," तो म्हणाला. "मी इथं या खुर्चीत बसून होतो. दोन वर्षं. मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

"तुला कळलं असतं तर ते खरं झालं असतं."

मग त्यानं पेन उचललं आणि तिनं सांगितलं होतं तेच लिहिलं.

मार्चमध्ये उत्तर आलं. आधीची कुठलीच नोंद नसल्यामुळे दुखणं कामामुळेच झालं असं मानता येत नाही, असं त्यात होतं, आणि हरकत नोंदवायची मुदत दिली होती. त्यांनी हरकत नोंदवली. ती अजून तशीच पडून आहे.

टामोनं तिला फाटकावर बसवलं. ट्रक आला की कागद बघायचे आणि बटण दाबून अडसर वर करायचा. खोलीत हीटर आहे. बटण दाबलं गेलं की नाही हे तिला अडसर हलताना बघूनच कळतं. सकाळी सहाला हालिना सायकलवरून आत येते. पहिले काही महिने ती सरळ समोर बघत निघून जायची. हल्ली ती मान हलवते. गेझिनाही हलवते, आणि अडसर वर जाईपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.