सुंदरीसाठी वेणी

रत्नागिरीच्या बंदरावर एक म्हातारी रोज वेण्या विकायला बसायची. मुंबईच्या बोटीची वाट बघताना मीच तिला बातमी वाचून दाखवली : भारतसुंदरी निवडली, आता ती मुंबईहून जगाच्या स्पर्धेला परदेशी जाणार! फोटो बघून म्हातारी ताडकन उठली.

"अगो बाय माझे! डोक्यावर मुकुट, आणि केसांत एक फूल नाय? तिकडची माणसं म्हणतील, पोरीला घरचं कोन नाय!"

मी बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना तिने अबोलीची वेणी माझ्या हातात कोंबली. "तिलाच द्या हां!"

मुंबईत मी दिसेल त्याला त्या सुंदरीचा पत्ता विचारला. लोक हसले. तिसऱ्या दिवशी वेणी टाकूनच देणार होतो. पण अबोली अजून कोमेजली नव्हती.

मी पुन्हा चपला घातल्या.