सयामला निघालेली रंगुबाई

रंगुबाई सयामला निघाली, ही बातमी संगमनेरच्या विडी कारखान्यात पोचली तेव्हा बायकांनी आधी विचारलं, हे सयाम कुठल्या तालुक्यात आलं? त्यात त्यांची काही चूक नव्हती. रंगुबाईलाही महिन्याभरापूर्वी ते कुठं ठाऊक होतं! जन्म राहुरीकडच्या खेड्यातला, लग्न होऊन आली ती संगमनेरला, आणि एकदोनदा नगरला जाऊन आली असेल, एवढाच तिचा प्रवास. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, यातच बोटं पिवळी पडली आणि केस पांढरे झाले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होतं ते एक विहार. विहार म्हणजे तरी काय, पत्र्याची एक खोली, सारवलेली जमीन आणि भिंतीतल्या फळीवर बुद्धाची मूर्ती. पण छप्पन साली धर्म घेतल्यापासून त्या खोलीचा केर दुसऱ्या कुणी काढला असेल तर शपथ. वस्तीतल्या बायका म्हणत, सून असती तर रंगुआत्यानं तिच्या हातीसुद्धा तो झाडू दिला नसता.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. तिकडच्या एका विहारानं इकडच्या बौद्धांना बुद्धजयंतीला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. जाण्यायेण्याचा, राहण्याजेवण्याचा सगळा भार त्यांचा. संगमनेरच्या बौद्ध मंडळाच्या वाट्याला तीन माणसं आली. मंडळाचे सेक्रेटरी श्रीमंतराव, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, ते तर जाणारच होते. सयाम नव्हे, आता त्याला थायलंड म्हणतात, असं ते जो भेटेल त्याला सुधारून सांगत. बाकीचे यात्रा म्हणत, हे सहल म्हणत. गॉगल घेतला, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला, आणि गळ्यात अडकवून कचेरीतही मिरवला. दुसरा रंभाजी, रंगुबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तो पलटणीत होता. जपाननं हत्यारं टाकली तेव्हा त्याची पलटण काही महिने बँकॉकला होती, म्हणजे सगळ्या तालुक्यात तो देश डोळ्यांनी पाहिलेला माणूस हा एकच. तिसरी जागा बाईमाणसाची. कोण, म्हणून चर्चा निघाली तेव्हा रंभाजी एवढंच म्हणाला, की जी रोज मूर्ती पुसते तिला न्या. त्याच्यापुढे कोण बोलणार? श्रीमंतरावांनी मान हलवली, पण चेहरा काही खुलला नाही.

रंगुबाईनं रंभाजीला पहिलं काय विचारावं? विमान कसं असतं हे नाही, तिथं खायला काय मिळतं हे नाही. तिनं विचारलं, तिथं सगळेच बौद्ध का?

"समदेच. राजा बी."

"मंग तुमी कोन म्हनून आपल्याला कुनी इचारनार न्हाई?"

"कशापायी इचारतील, वयनी? तिथं समदी आपलीच."

झालं. त्या दिवसापासून बाईचा जीव त्या एका शब्दात अडकला. कारखान्यात बायका तिच्याशी गोड बोलत, दुखल्याखुपल्याला विचारत, पण पाण्याचा माठ अजून वेगळा होता. कायदा होऊन किती वर्षं झाली, माठ काही जागचा हलला नव्हता. तिला देश बघायचा नव्हता, राजाचा वाडा बघायचा नव्हता. जन्मात एकदा तिला अशा देवळाच्या पायऱ्या चढायच्या होत्या, जिथं तिला बघून कुणी अंग चोरणार नाही. एवढ्यासाठी ती समुद्र ओलांडायला तयार झाली होती.

मग तयारी सुरू झाली. पासपोर्टासाठी फोटो काढला. फोटोवाला हसा म्हणाला तर हिनं दात लपवायला पदर तोंडावर घेतला, आणि त्यानं कपाळाला हात लावला. देवीची लस टोचून झाली, पटकीची टोचून झाली, अंगात ताप भरला, तरी बाई सूप घेऊन कारखान्यात हजर. आणि संध्याकाळी विहारात रंभाजीची शाळा. पलटणीतला माणूस तो, शिकवायचा तेही हुकूम सोडल्यासारखं. तिथं माणसाचं डोकं पवित्र मानतात, तेव्हा कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लेकराच्यासुद्धा नाही. आता आली का पंचाईत! रंगुबाई म्हणजे दिसेल त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडणारी. पण तिनं मनावर घेतलं. शेजारचं पोर पुढ्यात आलं की हात उचलायची, आणि आठवण होऊन तसाच खाली घ्यायची. पोराला वाटे, म्हातारी रुसली.

पायाचं त्याहून अवघड. पायाचा तळवा मूर्तीकडे करायचा नाही, माणसाकडेही नाही. बसायचं ते दोन्ही पाय एका अंगाला दुमडून. सगळा जन्म पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई ती. गुडघे सुजले, रात्री रुईचा पाला बांधला, पण तसं बसायला शिकली. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, बसलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, नोट खाली पडली तर तिच्यावर पाय ठेवून अडवायची नाही, कारण तिच्यावर राजाचं चित्र असतं. आवाज चढवायचा नाही, राग आला तरी हसायचं. हात जोडायचे ते थोरापुढे उंच, बरोबरीच्यापुढे छातीशी. श्रीमंतराव हे सगळं ऐकताना घड्याळाकडे बघत. रंगुबाई मात्र नव्या नवरीनं सासरच्या चालीरीती शिकाव्यात तशी शिकत होती, आणि चुकलं की स्वतःच्या गालावर मारून घेत होती.

सगळ्यात शेवटी रंभाजीनं खाली बघत आणखी एक सांगितलं. तिथले भंते बाईमाणसाला शिवत नाहीत. त्यांना काही द्यायचं तर हातात द्यायचं नाही. ते पुढ्यात कापड पसरतात, त्याच्यावर ठेवायचं, मग ते उचलतात.

रंगुबाईनं विचारलं, हे कुणाकुणाला? रंभाजीनं नीट समजावलं. ते त्यांचं व्रत आहे, त्यांनी स्वतःला घालून घेतलेलं. त्यात समोरच्या बाईचा काही कमीपणा नाही. राणी आली तरी तेच, सख्खी आई आली तरी तेच.

"आईला बी न्हाई?"

"आईला बी न्हाई."

मग ठीक, म्हणाली ती. आईलाही शिवत नाहीत म्हणजे त्यात आपल्याला वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, हे तिला पटलं. खरंच पटलं. उगाच कुणी म्हणू नये, की अडाणी बाई, तिला कळलं नव्हतं.

निघायला थोडे दिवस उरले असताना सयामचे एक भंते या बाजूला आले. पाहुण्यांना भेटावं, आशीर्वाद द्यावा, म्हणून संगमनेरला थांबणार होते. वस्तीत दिवाळी झाली. भिंतींना चुना दिला, बायकांनी दारादारापुढे सडे घातले, आणि भंते दुपारनंतर जेवत नाहीत म्हणून स्वयंपाक सकाळीच झाला. पहिलं ताट रंगुबाईनं द्यायचं ठरलं होतं. तिनं राखेनं आणि लिंबानं बोटं घासघासून घेतली, कातडं सोललं, तरी तंबाखूचा पिवळा रंग जाता जाईना.

भंते आले. वयानं लहानच, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. सगळ्यांना बघून त्याला आनंद झाला होता, हे भाषा न कळताही कळत होतं. तो आसनावर बसला. रंगुबाई ताट घेऊन पुढे झाली, पाय एका अंगाला दुमडून शिकवल्यासारखी बसली. भंतेनं झोळीतून पिवळं कापड काढलं, तिच्यापुढे पसरलं, एक टोक हातात धरलं आणि नजर खाली केली.

आणि तिथंच सगळं बिघडलं. ते पसरलेलं कापड आणि ती खाली गेलेली नजर बघितली मात्र, रंगुबाई पुन्हा लहान झाली. तिला तिची आई दिसली, बायडाबाई. दिवेलागणीला गावातल्या दारोदार जाऊन भाकर मागायची, तो गावकीचा हक्क म्हणायचे, आगीत जावो तो हक्क. आई दाराबाहेर लांब उभी राहायची, अशीच खाली बघून, असाच पदर पसरून. वरून भाकरी पडायची. एकदा लहानग्या रंगूनं पदराऐवजी हातच पुढे केला होता, तर देणारीनं हात असा मागे खेचला, की भाकरी मातीत गेली. आईनं ती उचलली, फुंकली आणि पदरात घेतली. धर्म बदलला तेव्हा वस्तीनं पहिली गोष्ट सोडली ती ही. आता इतक्या लांबून आलेला साधू माणूस, आणि त्यानं आमच्या दारात कापड पसरावं? आमच्यापुढे मान खाली घालावी? शिकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. तिनं ते कापड बाजूला सारलं, एका हातानं ताट उचललं आणि दुसऱ्या हातानं त्याचा हात धरून पुढे ओढला.

"हात पुढं करा, भंते," ती म्हणाली. "आमच्या दारात आता कुनी कापड पसरायचं न्हाई."

भंतेनं झटकन हात मागे घेतला. त्यात त्याचा राग नव्हता, तिरस्कार नव्हता, सवयच ती. पण ताट कलंडलं आणि वरणभात सारवलेल्या जमिनीवर पसरला. बिचारा लगेच हसला, आपल्या भाषेत काहीतरी मऊ बोलला. रंगुबाईचं लक्ष त्याच्या हसण्याकडे नव्हतंच. ती त्याच्या हाताकडे बघत होती. तो हात छातीशी गेला होता. हात असा मागे कसा जातो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणी अंग चोरतं की नाही ते बघायला तिला समुद्र ओलांडायचा होता, आणि ते बघणं तिच्या स्वतःच्या विहारात, तिनं सारवलेल्या जमिनीवर, आयतं होऊन गेलं होतं.

दुसरं ताट एका पुरुषानं दिलं. भंते जेवले, आशीर्वाद देऊन गेले. जमीन रंगुबाईनंच पुसली.

त्याच दिवशी मंडळ बसलं. श्रीमंतरावांचं म्हणणं, इथं झालं ते आपल्यात झालं, उद्या तिथं चार देशांच्या लोकांपुढे असं झालं तर काय तोंड दाखवणार? म्हणतील, यांना धर्म कळलाच नाही. रंगुआत्यांना पुढच्या खेपेला नेऊ. बोलणं गोड होतं, आणि ऐकणाऱ्यांना पटतही होतं. सगळे रंभाजीकडे बघू लागले. एक शब्द, फक्त एक शब्द तो बोलला असता तर! लढाईतून आलेला तो माणूस आपल्या बुटांकडे बघत बसला. तिसरी जागा श्रीमंतरावांच्या बायकोला, विमलबाईला, मिळाली. तिचा पासपोर्ट तयारच होता. असावा म्हणून काढून ठेवला होता म्हणे. वा रे असावा म्हणून!

संध्याकाळी रंभाजी रंगुबाईच्या दारात आला. आत या म्हणेपर्यंत उभा राहिला. ती शिवाशिव नव्हती वयनी, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जसं काही हे तिला माहीत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, त्याच्यापुढे चहा ठेवला.

"मला कळलं हुतं, भावजी," ती म्हणाली. "तुमी डोकं शिकिवलं, पाय शिकिवलं, समदं शिकले. माज्या ह्या हाताला कोन शिकिवनार?"

चहा तसाच ठेवून रंभाजी गेला. सयामला मात्र जायचं त्यानं रद्द केलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी विमलबाई आली. लाजत होती बिचारी. नवऱ्यानं गॉगल शिकवला असेल, बाकी काही शिकवलं नव्हतं, आणि बायकांच्या रीती रंभाजीला विचारायच्या कशा? रंगुआत्या, तेवढं तुम्हीच सांगा, म्हणाली. दुसरी कुणी असती तर दार लावून घेतलं असतं. रंगुबाईनं तिला बसवलं. हात जोडायला शिकवलं, पाय दुमडायला शिकवलं, खांदे झाकून घ्यायला सांगितलं. मग भंतेंना द्यायचं कसं, तेवढं राहिलं. विमलबाई म्हणाली, तुम्ही भंते व्हा, मी ठेवते, पसरा तुमचा पदर.

"पदर न्हाई," रंगुबाई म्हणाली. ती उठली, विडीची पानं ज्यात गुंडाळून आणायची ते ओलसर गोणपाट काढलं आणि पुढ्यात पसरलं. एक टोक हातात धरलं. नजर खाली करायची होती, ती तिनं केली नाही.

विमलबाईनं ताट म्हणून घेतलेली पितळी गोणपाटावर ठेवली आणि नीट ठेवली का नाही ते बघत हात तिथंच राहू दिला.

"न्हाई, बाई," रंगुबाई म्हणाली. "ठिवलं की हात मागं घ्यायचा. आन आदी तुमी घ्यायचा. मंग त्येंचा मागं गेलेला दिसत न्हाई."