आरियदासमामाचं तोंड

श्रीलंकेतल्या आमच्या गॉलमध्ये रिक्षातून पाव विकणारे पुष्कळ आहेत. पण ज्याची रिक्षा गल्लीत शिरली की बाया आधी तान्ही पोरं झाकतात आणि मगच पाव घ्यायला येतात, असा एकच. आरियदासमामा. माणूस लोण्यासारखा, जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण त्याला आहे कटवह. डोळ्याची दृष्ट लागते ना, तशी ही तोंडाची. त्यानं मनापासून एखादी गोष्ट चांगली म्हटली की तिचा निकाल लागलाच.

शहाळी विकणाऱ्या जिनदासच्या माडाला एकदा तो म्हणाला, "काय लगडलाय रे!" महिन्याभरात माडाचा शेंडा वाळून खाली आला. विहारातला नवा भोंगा घंटेसारखा वाजतो म्हणाला, तर भोंग्यातून धूर निघाला. विक्रमरत्न सर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या नव्या कवळीला मामानं "मोत्यासारखी" म्हटलं आणि सर किल्ल्याच्या तटावर उभे राहून असे शिंकले की कवळी थेट समुद्रात.

तेव्हापासून मामानं उलटं बोलायची सवय लावून घेतली. गुटगुटीत बाळ दिसलं की म्हणणार, "शी, काय हे पाप्याचं पितर!" आई खूश होते आणि दोन पाव जास्त घेते. एकदा नवी नवरी बघून "देवा, काय हे ध्यान" म्हणाला, तर नवरीच्या बापानं त्याला हात धरून जेवायला बसवलं.

हे सगळं चालून गेलं असतं. पण मामाच्या बहिणीचा, हेमावतीचा पोरगा पसिंदु देशाकडून कसोटी खेळायला लागला आणि मामाच्या तोंडाचा खरा छळ सुरू झाला.

पोराला बॅट धरायला शिकवली ती मामानंच. झावळीच्या देठाची बॅट आणि रबरी चेंडू घेऊन समुद्राच्या वाळूवर. आणि इतक्या वर्षांत एकदाही "छान खेळलास" म्हणाला नाही. म्हणणार कसा? पोरगं आंधळं झालं असतं, नाहीतर हात मोडला असता. मामाच्या घशात कौतुक साचून साचून त्याला ठसका लागायचा.

या वर्षीच्या घरच्या मालिकेत मात्र तो दोनदा घसरला. पहिल्या कसोटीत चहाच्या टपरीवरच्या टीव्हीत पसिंदुनं एक कव्हर ड्राइव्ह मारला आणि मामाच्या तोंडून निसटलं, "मोरानं पिसारा मिटावा असा फटका!" पुढच्याच चेंडूला मधली यष्टी कोलांट्या खात गेली. दुसऱ्या कसोटीत नुसतं "आज बरा दिसतोय" म्हणाला. पोरगा शून्यावर परत.

मालिका एक-एक अशी बरोबरीत आली आणि शेवटची कसोटी आमच्या गॉलला. पसिंदुला या सामन्यानंतर काढणार असं पेपरवाले रोज लिहीत होते. हेमावती मामाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"दादा, नीट ऐक. या वेळी तो तुझ्या तोंडापायी बाद झाला, तर मला भाऊ नव्हताच असं मी धरून चालेन."

"अगं पण हेमा..."

"पण नाही नि बिण नाही. मी शेजारीच बसणार आहे."

आम्ही सगळे किल्ल्याच्या तटावर बसतो. खालीच मैदान. तिकीट काढून सावलीत बसणाऱ्याला खेळ दिसतो. फुकट उन्हात बसणाऱ्याला तो कळतो, असं आमचं म्हणणं. त्या दिवशी चार गडी झटपट गेले आणि पसिंदु खेळायला आला. लगेच तटावर त्याच्या फॉर्मची चिरफाड सुरू झाली.

"मागचं कोपर बाहेर जातंय," सर म्हणाले. "सगळी भूमितीच बिघडलीय."

"कोपर कसलं, सर! बॅट जड झालीय बॅट," जिनदास शहाळ्यावर कोयता हाणत म्हणाला. "जाहिरातवाल्यांनी दिली, यानं घेतली. कुऱ्हाडीनं कुणी भाजी चिरतं का?"

"कोपर नाही नि बॅट नाही," हेमावती म्हणाली. "हॉटेलात नुसता पाव खातो माझा लेक. पोटात भात-मासळी नसंल तर धावा निघणार कुठनं?"

"आमच्या पावाला नावं ठेवू नगंस," मामा गुरगुरला.

"मामा, तुमचं मत काय?" सरांनी विचारलं.

"मत गिळलंय मी. सकाळपासनं पोटात दुखतंय."

तेवढ्यात पसिंदुनं चेंडू सीमेपार धाडला. मामा ताडकन उठला, हेमावतीनं त्याच्या लुंगीसारख्या सारोंगचा काठ धरला आणि मामा ओरडला, "अरे मुडद्या! भिकारड्या! घरी जा, खेकडे पकड!" तटावर टाळ्या पडल्या. दुपारच्या जेवणापर्यंत मामानं भाच्याची सात पिढ्यांची अब्रू काढली आणि भाच्याचं अर्धशतक झालं.

मग सरांच्या डोक्यात किडा वळवळला.

"मामा, हत्यार घरात गंजत ठेवायचं नसतं. तो लांबड्या गोलंदाज बघा. जरा तारीफ करा की त्याची."

"छ्या! पाहुण्याचं वाईट चिंतू? पाप लागंल."

"वाईट कुठं चिंताय? चांगलंच बोलायचंय."

मामानं विचार केला. हिशोब बरोबर वाटला. त्यानं तोंडाभोवती हात धरले. "काय धावतोय बघा! सांबर जणू सांबर!"

लांबड्या धावता धावता घसरला, मांडी धरून बसला आणि लंगडत तंबूत गेला.

मग काय विचारता! तट वेडा झाला. लोक मामाकडे रांग लावून फर्माइशी करायला लागले. "मामा, त्या यष्टिरक्षकाचं कायतरी बोला!" मामा म्हणाला, "हात म्हणावेत की मासे धरायचं जाळं!" यष्टिरक्षकानं हातातला झेल सोडला. एकानं तर सासूचा फोटो काढून पुढं केला. मामानं त्याला हाकलला.

आमच्याजवळच पाहुण्यांच्या देशाचा एक म्हातारा बसला होता. उन्हानं उकडलेल्या कोळंबीसारखा लाल, डोक्यावर गवती टोपी. हा स्थानिक गृहस्थ पाहुण्या संघाचं एवढं कौतुक करतोय हे हावभावांवरून कळून त्याचा ऊर भरून आला. परतफेड म्हणून तो उभा राहिला, मैदानाकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी गडगडला आणि मामाचा हात धरून हलवायला लागला. सरांचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणाला तो?" हेमावतीनं विचारलं.

"म्हणतोय... तुमचा पोरगा फार सुरेख खेळतो. अशी बॅटिंग आयुष्यात पाहिली नाही."

पसिंदु नव्वदीत आला होता आणि पलीकडे शेवटचा फलंदाज उभा होता.

"परदेशी माणसाचं लागतं का पण?" जिनदासनं दबक्या आवाजात विचारलं.

"तोंड ते तोंड!" हेमावती किंचाळली. "लिंबं आणा!"

लिंबं सरबतवाल्याकडे मिळाली. अडकित्ता जिनदासच्या पानाच्या चंचीत होता. लिंबं कापायला तर हवीतच, पण ती ज्याला दृष्ट लागली त्याच्या अंगावरून उतरून कापायची असतात. आणि तो तर तिकडे यष्ट्यांपुढे उभा. "रक्ताचा माणूस चालतो," हेमावती म्हणाली आणि तिनं मामालाच मैदानाकडे तोंड करून मांडी घालून बसवला. डोक्यापासून पायापर्यंत एकेक लिंबू उतरायचं, अडकित्त्यात धरून कचकन कापायचं आणि फोडी शहाळ्याच्या करवंटीतल्या पाण्यात टाकायच्या. हेमावती भराभर कापत सुटली. तिसऱ्या लिंबाची चिळकांडी थेट मामाच्या दोन्ही डोळ्यांत.

"मेलो! हेमा, आंधळा केलास मला!"

"गप बस. हलू नको."

शेवटचं लिंबू कापलं तेवढ्यात सरांना सुचलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, घोटाळा झाला! लिंबं मामावरून उतरली. म्हणजे पोराची उतरली की मामाची?"

"म्हंजे मामाचं तोंड बोथट झालं?" जिनदास घाबरला. "आता पाहुण्यांना कोण आवरणार?"

"अन् बोथट झालं असंल," मामा डोळे मिटून, गालांवरून पाणी गाळत म्हणाला, "तर मी त्याला चांगलं म्हणू शकतो. हेमा, एकदाच म्हणू दे. एकच शब्द."

"शंभर होऊ दे आधी."

तेवढ्यात खालून बॅटचा कडक आवाज आला. सगळं मैदान उसळलं, बँडवाल्यांनी ढोल बडवायला घेतले. शंभर!

"काय झालं? कुठं मारला?" मामा आंधळ्यासारखा हवेत हात फिरवत होता. "कसा होता फटका? सर, सांगा की!"

सर पुटपुटले, "होता... साधारण. कोपर होतं जागेवर."

"जिनदास, तू तरी सांग!"

"गेला चेंडू कुठंतरी. मी शहाळं सोलत होतो."

जो तो घाबरून बसलेला. ज्यांनी पाहिला ते बोलेनात, आणि ज्याला बोलायचं होतं त्याला दिसला नाही.

मामा उठून उभा राहिला. डोळे घट्ट मिटलेले, दाढीत लिंबाच्या बिया. न पाहिलेल्या त्या फटक्यासाठी त्यानं गळ्यात साचलेलं सगळं बाहेर काढलं. "वा रे माझ्या वाघा! माझ्या राजा! सोन्या! काय मारलास! जगात कुणी मारला नाय असा!" हेमावतीनं त्याचा सारोंग धरला नाही. खाली पसिंदुनं तटाकडे बॅट उंचावली, आणि मामाला तेही दिसलं नाही.

पुढच्याच चेंडूवर पसिंदु त्रिफळाचीत झाला. डाव संपला.

तटावरची एकूणएक मान मामाकडे वळली. जिनदासनं दोन्ही कानांवर हात ठेवले. सर गवती टोपीवाल्याच्या मागं सरकले. मामाला कुणी काही सांगायची गरज नव्हती. शांततेवरूनच त्यानं ओळखलं आणि तो मटकन खाली बसला.

"हेमा," तो म्हणाला, "गेला का गं?"

हेमावती कंबरेवर हात ठेवून तटावरच्या लोकांकडे वळली.

"काय बघताय टकामका?" ती कडाडली. "शंभर झाल्यावर माणूस बाद होतोच की! दिवसभर उभा राहून राहून पाय भरून आले असतील लेकाचे. माझ्या भावाला कुणी एक अक्षर बोलाल तर याद राखा."

मग तिनं पदराचं टोक एका ताज्या शहाळ्याच्या पाण्यात बुडवलं आणि मामाचे डोळे पुसता पुसता, हळू आवाजात, तो फटका कसा गेला ते त्याला सांगायला लागली.