मिशिंगची बदली

माझा भाऊ पुढे लष्करात जनरल झाला. वर्तमानपत्रात त्याच्या शौर्याबद्दल बरंच छापून आलं. ते खरं असेल, मी काही त्याला लढताना पाहिलेलं नाही. एक वाक्य बोलायला त्याला किती वर्षं लागली, ते मात्र मी घरात बसून पाहिलं.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला. घरटी एक माणूस पलटणीत. बायकांनी सातारा बघितला नव्हता, पण मेरठ, अंबाला, क्वेट्टा ही नावं त्यांच्या तोंडात बसलेली. नवरा कुठं असतो विचारलं की घागर भरता भरता सांगायच्या, 'मेरठला हायती.' मेरठ कुठल्या दिशेला ते एकीलाही सांगता आलं नसतं.

लढाई चालू होती म्हणून भाऊ मॅट्रिक होताच ऑफिसर झाला. गावातला पहिलाच. थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा त्याच पलटणीत शिपाई होता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. आक्काला गावातच दिली होती. रजेवर आले की दाजी अंगणात टाच आपटून भावाला सलाम ठोकायचे आणि लगेच म्हणायचे, 'मेव्हणं, आता बहिणीला सांगा, च्या टाक म्हणून. आमचा हुकूम चालत न्हाई तिच्यावर.' दोघं बर्माला गेले ते एकाच कंपनीतून.

मग तार आली. शाळेतल्या मास्तरांचं इंग्रजी बेताचंच. त्यांनी तार उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, 'मिसिंग, बर्मा, असं हाय.'

आक्काची सासू म्हणाली, 'म्हंजी जित्ता हाय न्हवं?'

'मेला असं कुठं लिवल्यालं न्हाई.'

झालं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर आक्का म्हणाली, 'आमचं मिशिंगला गेल्यात.' कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. अंबाला तसं मिशिंग. पुढे आणखी दोघींच्या घरी तशाच तारा आल्या. त्या उलट खूश झाल्या. तिघं गाववाले एका ठिकाणी आहेत, एकमेकांना सोबत झाली. एक म्हणाली, 'तुझा माणूस तितं बी माझ्या माणसाची तंबाखू खात आसंल.'

'आन तुझा लय देतोय!'

लढाई संपली. माणसं परत यायला लागली. मिशिंगची कुणी आली नाहीत. भाऊ कॅप्टन होऊन रजेवर आला. पहिल्याच जेवणाला आक्का त्याला वाढायला बसली.

'मिशिंग किती लांब हाय रं?'

भावाचा घास हातातच राहिला. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'लांब हाय,' तो म्हणाला.

'लढाई सरली की. मग सोडत का न्हाईत?'

'बघतो.'

मी तेव्हा चौथी पास होऊन घरी बसले होते. मिशिंग शाळेतल्या नकाशात नव्हतं, म्हणून नदीवर मी त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, 'ते गाव न्हाई. माणूस सापडत न्हाई, असा त्याचा अर्थ.' आणि म्हणाला, कुणाला बोलू नको.

दोन-अडीच वर्षांनी तो मेजर होऊन जीप घेऊन आला. रस्ता नदीपर्यंतच, म्हणून जीप बघायला सगळं गाव नदीवर. आक्का नवं लुगडं नेसून पुढे झाली, पाठीमागे त्या दोघी.

'आता तू मोटा सायब झालास. ह्यांची मिशिंगहून बदली कर. तिघांचीबी कर. माझ्या एकटीच्याच माणसाची केलीस तर लोक बोलत्याल.'

एवढ्या लोकांसमोर तो म्हणाला, 'करतो.'

नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर गाठोडी यायला लागली. सायब बदली करायला जाणार, तर त्याच्या हातून काहीतरी धाडावं. कुणी लाडू आणले, कुणी शिवलेली बंडी, कुणी तंबाखूची चंची. आक्काने तुपाचा गडू आणला आणि फडक्याने तोंड बांधून ठेवला. सगळं भावाच्या खोलीत कोपऱ्यात रचलं. मेलेल्या माणसांचा संसार मांडल्यासारखा तो कोपरा दिसायचा. भाऊ त्या खोलीत जाईना. परसात बसून राहायचा, कुणी हाक मारली की दचकायचा.

त्या सुमाराला जतकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरले होते. त्यांच्यातली एक म्हातारी पाणवठ्यावर मिशिंगची गोष्ट ऐकून थेट आमच्या परसात आली. खांद्यावर नवं कोरं घोंगडं.

'यप्पा,' ती भावाला म्हणाली, 'मिशिंगला थंडी असतीया का?'

मग तिने खांद्यावरचं घोंगडं उतरवलं.

'माजा ल्योक तितंच हाय. तारंत हाय तसं. येवढं दे त्याला. अंगानं बारीक हाय, पर वळकू येईल.'

त्याने दोन्ही हातांनी घोंगडं घेतलं. ती गेली तरी तो तसाच उभा. मी म्हणाले, 'आता आक्काला सांग. न्हाईतर मी सांगते.'

'तू गप बस.'

'ही तुझी बराक न्हाई.'

तो घोंगडं ठेवून आक्काच्या घरी गेला. मी मागून गेले. आक्का भाकरी थापत होती. तो चुलीपाशी उकिडवा बसला.

'आक्का, मिशिंग म्हणून गाव न्हाई. दाजी गेले.'

तिचे हात थांबले नाहीत. 'कुणी सांगितलं?'

'मी व्हतो. पोटात गोळी लागली व्हती. चालता येत न्हवतं.'

'तवाच गेलं?'

त्याला खोटं सांगता आलं असतं. 'न्हाई,' तो म्हणाला. 'आमी निघालो तवा जित्तं व्हते.'

तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती मी उतरवली.

'जित्ता माणूस टाकून आलास?'

'मागनं जपानी येत व्हते. थांबलो असतो तर समदी मेलो असतो. हुकूम व्हता निघायचा.'

'कुणाचा हुकूम?'

भावाने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, 'माझाच.'

आक्काने परातीतलं पीठ एकत्र केलं, त्याचा गोळा केला आणि झाकून ठेवला. 'ऊठ,' ती म्हणाली. 'माज्या सासूला कळायच्या आत जा.'

सकाळी तो सगळी गाठोडी जीपमध्ये घालून निघाला. त्यांचं त्याने पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. त्यानंतर तो गावात आला नाही, आई गेली तेव्हासुद्धा. कर्नल झाला, ब्रिगेडियर झाला. मला जतला दिली. मी पुण्याला त्याच्या बंगल्यावर दोनदा गेले, तर दोन्ही वेळा त्याने आक्काची तब्येत विचारली आणि मी बोलायच्या आतच विषय बदलला.

आक्काने कुंकू पुसलं नाही. मला राग आला होता, मी तिला स्पष्टच विचारलं. ती म्हणाली, 'मी पुसलं की त्या दोघी इचारतील कशानं कळलं. मग त्यांचीबी पुसावी लागतील. मला न्हाई जमायचं ते.' ती भावाला पाठीशी घालत होती की त्या दोघींना, हे मला अजून कळलेलं नाही. तिला स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. भावाचं नाव मात्र तिने परत तोंडात घेतलं नाही.

तो जनरल झाल्याचं गावात कळलं, तेव्हा मी माहेरी, आक्काकडे आले होते. त्या दोघी हातात हात धरून आल्या. एव्हाना दोघींचे केस पिकले होते, कपाळाला मोठाली कुंकवं. ओसरीवर बसत एक म्हणाली, 'ह्याच्यावर आता कुनी न्हाई म्हणं. आता तरी बदली करंल न्हवं?'

आक्काने आत जाऊन साखरेचा डबा आणला. दोघींच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवली.

'करंल,' ती म्हणाली.