राजाच्या नावानं जेवण

इथिओपियातल्या गोंदर शहरात एक कुजबुज होती: तेल्ला, म्हणजे बार्लीची घरगुती दारू, विकणारी येशिमेबेट म्हणे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या राजा तेवोद्रोससाठी प्रार्थना करवते, आणि तीही त्यानंच जाळलेल्या चर्चमध्ये!

कुजबुजीला कारणही तसंच होतं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ही बाई दरसाल कुणा मेलेल्याच्या नावानं अख्ख्या आळीला जेवू घालायची. कुणाच्या नावानं, असं विचारलं की म्हणायची, "तू जेव की! ताटातल्या कोंबडीला कधी नाव विचारलंस?" राजानं मगदलाच्या गडावर स्वतःवर गोळी झाडली तोही ईस्टरचा सोमवारच. झालं, लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला. नवरा तिचा पावसाळ्यात वारलेला. एकुलता एक मुलगा लष्करी राजवटीत सुदानला पळाला तो पळालाच. मग सोमवारचा मेलेला राजाच असणार, दुसरा कोण?

तिचा तेल्ला पातळ आणि जीभ जहाल. गिऱ्हाईक खरं तर जिभेसाठीच यायचं. सगळी आळी तिला आईच्या मानानं एमामा म्हणे.

चर्चचे पाद्री अब्बा मेर्शा भोळे. मेलेल्यासाठीची प्रार्थना बाप्तिस्म्याच्या नावानं होते, आणि ते नाव घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक नसतं. येशिमेबेटनं "वेल्दे गाब्रिएल" एवढंच सांगितलं होतं. अब्बांनी पुढं विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र भर पंगतीत चर्चचे कारभारी मेक्बिब यांनी तोंड उघडलं.

"अब्बा, तुम्ही कुणासाठी प्रार्थना म्हणता, कळतंय का? ज्यानं आपलं चर्च पेटवलं त्या तेवोद्रोससाठी!"

अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पेटवलं तर पेटवलं!" दाग्नेव मास्तर उसळले. "फुटलेला मुलुख कुणी एक केला? तुझ्या पणज्यानं? तो तर चांदीचे क्रॉस काखेत मारून पळत होता!"

"पळेल नाही तर काय, आगीत उभा राहील? माणसांचे हातपाय तोडले तुझ्या राजानं! कसाई होता, कसाई!"

"मर्द होता! इंग्रजांच्या हाती जिवंत सापडला नाही!"

"हां, आता कसं बोललास! स्वतःच्या हातानं मेला. अशाला चर्चची प्रार्थना नसते. होय ना, अब्बा?"

"नसते," अब्बा म्हणाले.

"मग हे नाव आजपासून बंद."

येशिमेबेटनं वाढणं तिथंच सोडलं. जिची जीभ म्हणून कधी थांबली नाही, ती एक शब्द न बोलता चुलीकडे निघून गेली. अब्बा मागोमाग गेले.

"एमामा, खरं सांगा. राजाच ना?"

"राजा असता तर थांबवाल?"

"त्यानं देवाचं घर जाळलं!"

"घर पुन्हा बांधलंत की. थांबवाल का, ते सांगा."

"जीव दिलेल्या माणसासाठी प्रार्थना मला म्हणताच येत नाही, एमामा."

मग ती त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. अब्बा बार्लीच्या पोत्यावर बसले.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात?"

अब्बा बाहेर येऊन पंगतीसमोर उभे राहिले.

"नाव राहील."

मेक्बिब ताटावरून उठले. "त्या कसायाचं?"

"राहील म्हटलं ना!"

"राजाचा विजय असो!" मास्तर ओरडले आणि दुसऱ्याचा पेला उचलून पिऊन टाकला. मेक्बिब यांनी त्या दिवसापासून दुसरं चर्च धरलं. ना अब्बांनी कुणाला दुरुस्त केलं, ना येशिमेबेटनं.

वेल्दे गाब्रिएल हे तिच्या मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव होतं. तो सुदानला गेलाच नव्हता. ईस्टरच्या सोमवारी त्यानं स्वतःचा जीव घेतला, आणि तिनं व तिच्या भावानं त्याला बार्लीच्या शेतात पुरलं.