अंगदुखीची गोळी मी औषधात धरतच नव्हते

"काकू, तुमच्या किडनीला इजा व्हायला लागली आहे," महाडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मी त्यांनाच खोटं पाडायला निघाले. पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. क्रिएटिनिन नॉर्मल! क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी थकली की तो साचतो. माझा साचला नव्हता. मग इजा कुठली?

"रक्तात उशिरा कळतं, लघवीत आधी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पावलं सुजायची म्हणून मी गेले होते. त्यांनी रक्त तपासलं आणि लघवी मुंबईच्या लॅबला पाठवली. तपासणीचं नाव एनजीएएल. किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा झाली की हे प्रथिन लघवीत वाढतं, रक्तात कचरा साचण्याच्या बरंच आधी. माझं वाढलेलं निघालं. लघवीत जंतू झाले तरी वाढतं म्हणे, पण माझ्यात जंतू सापडले नव्हते.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी ठणकावून सांगितलं होतं, एकही नाही. शेतातून आलेल्या बायकांचं "एकही नाही" त्यांना पाठ असावं. आता त्यांनी वेगळं विचारलं, "अंग दुखलं की काय करता?"

"गोळी घेते की!"

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मुलगा मुंबईहून येताना अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं आणायचा. लावणीच्या दिवसांत बांधावर चहा झाला की मी सगळ्या बायकांना एकेक गोळी वाटायची, चहात बुडवायला बटर द्यावं तशी. मान मिळायचा हो! दिवसभर वाकायचं, आणि आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. कोरड्या पडलेल्या अंगात ती गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी तोडते, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी स्वतःचा रिपोर्ट बाजूला सारला.

डोळ्यांपुढे दुसरंच माणूस आलं. थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, त्यांना साखरेचा आजार. त्यांना मी रोज दोन गोळ्या द्यायची, लावणी असो नसो. स्वतःच्या हाताने.

माझ्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांना घेऊन पुन्हा महाड गाठलं. त्या वाटभर करवादत होत्या. "गोळी बंद केलीस ती केलीस, वर बाटलीत मुतायला लावतेस?"

रिपोर्टला चार दिवस लागले. मी ताट अर्धं टाकून उठायची. अक्का मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित जेवायच्या.

त्यांचं एनजीएएल माझ्यापेक्षा जास्त निघालं. क्रिएटिनिन ठीक होतं. "वेळेत आलात, पण खात्री मी देणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळी बंद, पाणी वेळच्या वेळी, साखर आटोक्यात. महिन्याने पुन्हा बघू."

तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. गुडघे बोंबलत होते. बाईंना विचारून व्यायाम सुरू केले, महाडजवळच्या सवच्या गरम झऱ्यात पाय शेकले. वाडीत घरोघर जाऊन, घरी ठेवायला म्हणून दिलेल्या गोळ्या परत मागितल्या. काहींनी तोंडं वाकडी केली. करू देत.

बायांनो, डॉक्टरांनी औषधं विचारली की अंगदुखीची गोळी पहिली सांगा. दुकानातून आणलेली, शेजारणीने दिलेली, सगळी सांगा. आणि ती बरेच दिवस घेत असाल तर लघवी तपासायची का, हेही विचारा.

महिन्याने दोघींचे रिपोर्ट आले. दोघींचं एनजीएएल खाली उतरलं होतं. बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "नळ्या सावरल्या. आता मात्र मला विचारल्याशिवाय कुणाची गोळी घ्यायची नाही."

दवाखान्याच्या बाकावर मी अक्कांचा हात धरला. म्हटलं, "अक्का, मला माफ करा. मीच देत होते तुम्हाला."

"येडी का काय गो तू?" अक्का म्हणाल्या. "तू नाय दिली असतीस तर मी दुकानातनं आणली असती. दुकानवाला काय माझा हात धरून हितवर आला असता?"

चार माणसं बघत होती, तरी मी पोटभर रडून घेतलं.