जानमाजच्या कडेला

कुणाच्या अंगात आलं तर बाकीच्या बायका हात जोडतात, मी त्या बाईला खुर्ची आणि ग्लासभर पाणी देते. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच. बारावी शिकलेय, सायन्स होतं माझं. त्यामुळे हा अनुभव लिहून पाठवायला मला दोन वर्षं लागली… वाचणारे हसतील याची भीती नव्हती. लिहिताना पुन्हा सगळं आठवेल, ही होती.

आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. माझे मिस्टर पलसाण्याला कापड प्रोसेसच्या मिलमध्ये रंगखात्यात आहेत. मी घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. लग्नानंतरची बारा वर्षं आम्ही डिंडोलीला भाड्याच्या खोलीत काढली. मग भेस्तानच्या सरकारी आवासात घर लागलं. दुसरा मजला, एका जिन्याला चार दारं. समोरच्या दारात एक मुसलमान कुटुंब. साठीच्या खाला (त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात, सगळेच त्यांना तसं म्हणायचे), त्यांचा मुलगा इरफान आणि सून.

आम्ही राहायला आलो तेव्हा होळी आठ दिवसांवर होती आणि रोजे सुरू झाले होते. पहिल्याच दिवशी जिन्यात चार बायका गोळा झाल्या आणि ठरलेला प्रश्न आला, "मुलं किती?"

आणि मी खोटं बोलले.

"एक मुलगी आहे. गावाला असते, आजीजवळ."

का बोलले, ते आजही नीट सांगता येत नाही. मला मुलगी झाली होती, नऊ वर्षांपूर्वी. आठव्या महिन्यात पोट दुखायला लागलं, तातडीनं ऑपरेशन झालं, मला पूर्ण भूल दिली होती. जाग आली तेव्हा पाळणा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी होती. गेली." मिस्टर आणि सासूबाई मिळून तिला पुरूनही आले होते. मला दाखवली नाही. पुढे मूल झालं नाही, आणि त्या पोरीचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही… काढायला नावही नव्हतं म्हणा. डिंडोलीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तिथं कुणी विचारायचं नाही. इथं पहिल्यांदाच कुणी विचारलं आणि तोंडातून ते निघून गेलं.

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले तेव्हा इरफान आमच्या दारात आला. तोही मिस्टरांच्याच मिलमध्ये, त्याच नाइट शिफ्टला, रात्री आठ ते सकाळी आठ. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी भरूचला गेली होती.

"भाभी, अम्मी एतिकाफमध्ये बसणार आहे. तेवढं रात्री बघाल का?"

एतिकाफ म्हणजे काय ते त्यानंच सांगितलं. पुरुष मशिदीत बसतात, बायका घरातच एक कोपरा धरतात. ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथून उठायचं नाही, फक्त बाथरूमपुरतं. बाकी वेळ नमाज, कुराण, तस्बीहची माळ. दार उघडायलाही खालांना उठायला लागू नये म्हणून इरफान जाताना बाहेरून कुलूप लावायचा आणि किल्ली माझ्याकडे द्यायचा. पहाटे साडेचारला मी कुलूप काढून त्यांना सहेरीचं, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं, गरम जेवण द्यायचं, एवढंच काम. हे कुलपाचं मुद्दाम सांगतेय, ध्यानात ठेवा.

आतल्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी जुन्या साडीचा पडदा बांधला होता, आत जानमाज, म्हणजे नमाज पढायची चटई, अंथरलेली. मी पडद्याखालून ताट सरकवायचे. खाला मूळच्या नवापूरच्या, मराठी चांगलं बोलायच्या, मध्येच हिंदी. पण त्या दिवसांत फार बोलायच्या नाहीत. "जीती रह बेटी," एवढंच. कधीकधी मी लवकर जायचे आणि बाहेर बसून राहायचे. अख्खा आवास झोपलेला, आणि पडद्यामागून त्यांचा हलका आवाज… शब्द कळायचे नाहीत, पण कुणीतरी कुणाची तरी मनापासून समजूत काढतंय, असं वाटायचं. मला तिथं बरं वाटायचं. घरी मी एकटीच खडे चिकटवत बसलेली असायचे.

तिसऱ्या की चौथ्या पहाटे मी ताट सरकवलं आणि खाला म्हणाल्या, "मनीषा, तुझी बेटी आली का गं गावाहून?"

माझा हात ताटावरच राहिला.

"नाही… का हो?"

"रात्री येते ना माझ्याजवळ. तहज्जुदला उभी राहते, बाजूला. तिला झोपू दे गं, लहान लेकरू आहे."

तहज्जुद म्हणजे मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आधी पढायची नमाज. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाची असेल, खाला." त्यावर त्या म्हणाल्या, "अच्छा? मला वाटलं तुझीच. तिचा डावा पाय आतल्या बाजूला वळलाय बघ, पूर्ण. अंगठा दुसऱ्या पायाकडे. ज्याची असेल त्याला सांग, डॉक्टरला दाखवा म्हणावं. लहानपणीच प्लास्टर घातलं असतं तर सरळ झाला असता. माझ्या नणंदेच्या पोराचा झाला."

ते ऐकून, खरं सांगते, मी सुटले. माझ्या मुलीचा पाय वाकडा होता असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे ही बिल्डिंगमधलीच कुणाची तरी मुलगी. त्या दिवशी मी चारही मजल्यांवर काही ना काही निमित्त काढून फिरले. कुठल्याच घरात तशी मुलगी नव्हती. शेजारच्या दोन जिन्यांतही विचारलं. नव्हती.

आणि मग संध्याकाळी इरफाननं किल्ली हातात दिली तेव्हा माझ्या डोक्यात आलं… मुलगी येते कुठून? दाराला तर कुलूप असतं.

दुसऱ्या पहाटे मी स्वतःच विचारलं, "खाला, तिचं तोंड कसं आहे?"

"तोंड नाही बघितलं कधी. नमाजमध्ये नजर सजद्याच्या जागेवर, कपाळ टेकतो तिथं, ठेवायची असते. इकडेतिकडे बघायचं नाही. मला फक्त पाय दिसतात, उजव्या हाताला, जानमाजच्या कडेला. आठ-नऊ वर्षांचे असतील. नमाजच्या शेवटी सलाम फिरवून मान वळवली की कुणी नसतं. मला वाटायचं, पोरगी लाजते, पळून जाते."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लेकराची कसली भीती?"

मी घरी आले. मिस्टर आठनंतर यायचे. त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? खाला दिवसभर उपाशी, रात्रभर जाग्या, वय झालेलं, डोळ्यांना काहीही दिसेल, हे मला समजत होतं. पण माझा हात चालेना. त्या दिवशी एका साडीवर मी सगळे खडे उलटे लावले.

सत्ताविसाव्या रोज्याची रात्र त्यांच्यात मोठी मानतात. आवासातल्या मुसलमान घरांत दिवे चालू होते, खालच्या मशिदीतून आवाज येत होता. मी रात्री दोन वाजता कुलूप काढून आत गेले आणि पडद्याजवळ जाऊन खाली बसले.

"खाला, मी खोटं बोलले होते. माझी मुलगी गावाला नाहीये. ती नाहीच आहे. जन्मली तेव्हाच गेली. जगली असती तर यंदा नऊ वर्षांची असती."

आत तस्बीहचे मणी थांबले. मला वाटलं, चिडल्या. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बैठ जा बेटी. तिथंच बस."

मी बसले. त्या नमाजला उभ्या राहिल्या. पडदा जुना होता, विरलेला, आतल्या लहान दिव्यामुळे त्यांची सावली दिसायची. उभी, वाकलेली, पुन्हा उभी. मी डोळे फाडून त्यांच्या उजव्या हाताची जागा बघत होते. पापणी लवू द्यायची नाही असं ठरवलं होतं. पडद्याच्या खालून फटीतूनही बघितलं, जमिनीला गाल लावून.

मला काही दिसलं नाही.

काही म्हणजे काहीच नाही. ना सावली, ना आवाज, ना थंडगार वाटणं. फरशी आणि जानमाजची हिरवी कड. मी आयुष्यात कशासाठी एवढी आसुसले नव्हते… आणि मला काहीच दिसलं नाही. मी तोंडात पदर कोंबून रडले.

खालांनी सलाम फिरवला. मग दुआ मागितली, खूप लांब. तीत मला माझं नाव ऐकू आलं. मी विचारलं, "आली होती?"

"आली होती."

"मला नाही दिसली हो."

खालांनी तस्बीह हातात घेतली. मग म्हणाल्या, "रोज तिचे पाय किब्ल्याकडे, पश्चिमेला असतात, माझ्यासारखे. आज नव्हते. आज पडद्याकडे होते. तुझ्याकडे."

तिथून मी घरी कशी आले, मला आठवत नाही. सहेरीचं ताट दिलं की नाही, तेही नाही. दिलंच असणार.

सकाळी मिस्टर आले. हाताला निळा रंग, डबा टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय व्हयनं?" आम्ही घरात अहिराणीच बोलतो, पण त्या क्षणी माझ्या तोंडातून आलं ते शाळेतल्या बाईंसारखं स्पष्ट आलं.

"आपल्या मुलीचा डावा पाय कसा होता?"

ते उभ्याउभ्या पांढरे पडले. मी माणसाचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

"कोनी सांगं तुले?"

"कसा होता?"

"आईनं सांगितलं का? जाताना सांगितलं का तिनं?"

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. मी मिस्टरांना खालांचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते ऐकता ऐकता खाली बसले. मग म्हणाले, "आत वळलेला होता. पूर्ण. अंगठा दुसऱ्या पायाला टेकत होता."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या सातव्या महिन्यात ग्रहण होतं. आई नको नको म्हणत असताना तू विळीवर भाजी चिरलीस. हसलीस तिला. मग पोरगी तशी जन्मली… आईनं मला शपथ घातली. म्हणाली, ग्रहणाचं खरं असो नाहीतर खोटं, पण हिला पाय दाखवू नको. ही जन्मभर स्वतःला खाईल. माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही, तुझ्याही नको."

मला ते ग्रहण आठवलं. वांगी होती. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. नऊ वर्षं मी मनात धरून होते की या बाईनं मला माझी मुलगी दाखवली नाही, दगडाच्या काळजाची बाई. शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं, पण प्रेमानं नाही केलं. कर्तव्य म्हणून केलं. आता कुणाची माफी मागू?

ईदच्या दिवशी मिल बंद होती. मी मिस्टरांना म्हटलं, "मला तिथं घेऊन चला." त्यांनी का-कू केलं नाही. डिंडोलीच्या पुढे, खाडीच्या कडेला. तेव्हा तिथं बाभळी होत्या म्हणे. आता कंपाउंडची भिंत आणि आत रो-हाउसची कामं चाललेली. मिस्टर भिंतीच्या कडेनं पावलं मोजत पुढे गेले, मागे आले, परत पुढे गेले. मग एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथं असेल. नाहीतर आतल्या बाजूला… आता नाही सांगता येत." आणि भिंतीला हात लावून लहान मुलासारखे रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिच्यासाठी रडताना बघितलं नव्हतं. ते या जागेवर अधूनमधून शिफ्ट सुटल्यावर येऊन बसायचे, भिंत बांधली जाईपर्यंत. हेही मला त्याच दिवशी कळलं.

संध्याकाळी खालांकडे शीरखुर्मा प्यायला गेलो. पडदा काढलेला, त्या बाहेर बसलेल्या, खूप थकलेल्या. मी पाय सांगितला, ग्रहण सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "मला नको विचारू ती कोण होती. मला इल्म नाही, मला काय ठाऊक. मी तर फक्त नमाज पढत होते." पुढच्या रमजानच्या आत त्या गेल्या, भरूचला सुनेच्या माहेरी नातवाला बघायला गेल्या असताना, झोपेतच. मी मातीला पोचू शकले नाही.

माझ्या भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, उपासानं भास झाले, बाकी योगायोग. असेल. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण जे दोघांनाच माहीत होतं, ज्यातली एक व्यक्ती वारली होती आणि दुसऱ्यानं तोंड शिवून घेतलं होतं, ते कुलपाआड पडद्यामागं बसलेल्या, आम्हाला जेमतेम तीन आठवडे ओळखणाऱ्या बाईला कसं कळलं? मी खूप डोकं लावलं. मला उत्तर नाही मिळालं. आता मी शोधतही नाही.

खाडीवरून परत येताना रिक्षात मी मिस्टरांना विचारलं होतं, "अजून सांगा ना. कशी होती?" त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "केस खूप होते. काळेभोर, कपाळावर आलेले. मिलमधून कोरं पांढरं कापड आणलं होतं, त्यात गुंडाळली तरी केस बाहेर येत होते. आई सारखी आत सारत होती."

भेस्तान येईपर्यंत ते सांगत होते. नाक माझ्यासारखं होतं म्हणे.